विज्ञानाची मशागत करणारे आघारकर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

पुण्याला लॉ कॉलेजच्या परिसरात गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतील या सारखेपणामुळे पुष्कळांची गल्लत होते. रस्ता ज्यांच्या नावाचा ते थोर समाजसुधारक आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. त्यांचे चरित्र आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. संस्था ज्यांच्या नावाची आहे ते आघारकर मात्र आपल्या मालवणचे. त्यांचे नाव देशातील वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. त्यांच्या जन्मगावी, समुद्राकाठच्या या शहरात, त्यांच्याविषयी चार वाक्ये सांगू शकणारी माणसे किती सापडतील, याचा विचार वाचकांनीच करावा. आपल्या मासिकातून त्यांची थोडीफार ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. त्या काळी सिंधुदुर्ग हा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मालवण हा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील एक तालुका होता. कोकणातल्या हुशार मुलापुढे त्या दिवसांत वाट एकच असे, ती मुंबईची. मुंबईस जावे, शिकावे, आणि एखाद्या कचेरीत चिकटावे किंवा वकिली करावी, अशी साधारण रीत होती. आघारकरही मुंबईस गेले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. पण त्यांनी जीवशास्त्राची वाट धरली आणि पुढे त्याच कॉलेजात ते हा विषय शिकवू लागले. वर्गात शिकवून त्यांचे समाधान होत नसे. सह्याद्रीच्या डोंगरांत हिंडावे, झाडे-झुडपे गोळा करावीत, ओढ्यांत आणि डोहांत काय आहे ते पाहावे, हा त्यांचा छंद होता आणि हाच त्यांचा अभ्यासही होता.

या भटकंतीतच त्यांना त्यांच्या पहिल्या मोठ्या शोधाची जागा सापडली. जेलीफिश हा प्राणी आपल्याला परका नाही. आपल्याकडे त्याला झार म्हणतात. पाण्यात अंगाला लागला की आग होते आणि जाळ्यात भरला की रापणकरांचे कष्ट वाया जातात. पण हा प्राणी समुद्रातला, अशीच आपली समजूत असते. शास्त्रज्ञांनाही गोड्या पाण्यातले जेलीफिश फारच थोडे माहीत होते. त्यांतील लिम्नोक्निडा नावाचा एक प्रकार आफ्रिकेतील टांगानिकासारख्या पाण्यांतच आढळतो, असे तोवर मानले जात होते. आघारकरांना तो सह्याद्रीतून उतरून कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांत आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल यांनी ही जात नवी असल्याचे ओळखून तिला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. तिच्या सवयी आणि तिचा प्रसार यांवर म्युझियममधील ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून लिहिलेला निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला.

एवढ्याशा प्राण्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या प्राण्यामागे एक मोठा प्रश्न उभा होता. मध्ये अफाट समुद्र असताना आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातला प्राण्याचा वंश सह्याद्रीच्या डोहात आला कसा? खंड एके काळी जोडलेले होते आणि पुढे ते दूर सरकले, हा सिद्धान्त आल्फ्रेड वेगेनर यांनी जर्मनीत मांडला तोही १९१२ सालीच. सजीव कोठून आले आणि कोणत्या वाटेने पसरले, या प्रश्नाने आघारकरांचा पाठपुरावा पुढे आयुष्यभर केला. दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ते डोह काही अज्ञात प्रदेशात नव्हते. लोक तेथे पाणी भरीत होते, गुरे धूत होते. तेथे पाहण्यासारखे काही असेल, ही कल्पना मात्र कोणाच्या मनात आली नव्हती.

१९१३ साली सर रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली. त्यातून गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र यांची अध्यासने निर्माण झाली. तारकनाथ पालित आणि घोष या दोघांच्याही देणग्यांमागे एक अट होती, ती म्हणजे प्राध्यापक भारतीयच असावेत. वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या त्या दिवसांत ही अट म्हणजे स्वदेशीचे एक कृत्यच होते. आशुतोष मुखर्जी यांच्या विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदासाठी निवड केली ती मालवणच्या आघारकरांची. पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले आणि १९१४ सालच्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले.

ब्रिटिशांचे प्रजाजन म्हणून जर्मन सरकारच्या दृष्टीने हिंदी विद्यार्थी हे शत्रुपक्षाचे लोक ठरले. आघारकरांना स्थानबद्ध व्हावे लागले. पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्र मोहन बोस हेही त्या वेळी बर्लिनमध्येच अडकून पडले होते. ज्या साम्राज्याने आपल्याला गुलाम केले त्याचेच नागरिक म्हणून दुसऱ्याच्या कैदेत बसायचे, असा हा विचित्र प्रसंग होता. घर हजारो मैल दूर आणि युद्ध कधी संपणार याचा पत्ता नाही. अशा स्थितीत सुटका झाल्यावर आघारकरांनी अभ्यास पुढे चालवला आणि बर्लिनच्या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ अॅडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. त्यांचा प्रबंध होता वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खारवट जमिनीतल्या वनस्पतींवर. या वनस्पतींची बीजे कशाने पसरतात, वाऱ्याने, पाण्याने की जनावरांच्या अंगाला चिकटून, आणि मुळात त्या आल्या कोठून, हा त्याचा विषय. तो जर्मन भाषेत १९२० साली छापला गेला. डोहातल्या जेलीफिशविषयी पडलेला प्रश्नच त्यांनी येथे वाळवंटातल्या काटेरी झुडपांना विचारला होता.

त्याच वर्षी ते कलकत्त्यास परतले आणि १९४६ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, तेथे घोष प्राध्यापक होते. १९३५ साली राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या सदस्यांत त्यांचा समावेश होता.

निवृत्तीच्या वयात बहुतेक माणसे विसाव्याची जागा शोधतात. आघारकर पुण्यास आले आणि त्यांनी नवे घर बांधावयास घेतले, पण ते स्वतःसाठी नव्हे. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली एक विज्ञानसंस्था काढली होती, तिचे नाव इंडियन असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. सी. व्ही. रामन यांचा १९२८ सालचा जगप्रसिद्ध शोध याच संस्थेत लागला. असे काही महाराष्ट्रात असावे म्हणून आघारकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभी केली. सुरुवातीला तिच्याजवळ स्वतःची इमारतही नव्हती. इंडियन लॉ सोसायटीने लॉ कॉलेजात दिलेल्या जागेत प्रयोगशाळा थाटली गेली. स्थापनेपासून २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत आघारकर तिचे संचालक होते. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्या संस्थेच्या नावातला कल्टिव्हेशन हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्याचा अर्थ मशागत, लागवड. विज्ञान बाहेरून विकत आणायचे नाही, ते आपल्या जमिनीत पिकवायचे, असा त्या नावामागचा भाव आहे. संस्थेने तो अक्षरशः खरा केला. तिने गहू आणि सोयाबीनचे नवे वाण काढले, द्राक्षांवर काम केले. तिच्या वनस्पतिसंग्रहाला आघारकरांचे नाव आहे आणि बुरशींचा मोठा संग्रहही तिने जपला आहे. परंतु या सगळ्यापेक्षा मला ओढून घेतले ते तिच्यातल्या एका वेगळ्या कामाने. ते काम आहे चिखलातले.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मीच पहिली. पण चिखल आमच्या घरात सर्वांनाच ठाऊक आहे. आषाढात कुणग्यात उतरून तरवा लावताना पाय रुतला की गाळातून बुडबुडे येतात आणि एक कुबट वास येतो. तळ्याच्या काठी काठी खुपसली तरी तेच होते. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटवून दाखवले. तो मिथेन वायू. गोबर गॅसच्या चुलीत जळतो तोच. तो तयार कोण करते? हवा मुळीच न पोहोचणाऱ्या खोल गाळातले अतिसूक्ष्म जीव. ते दिसायला जीवाणूंसारखेच. पण १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आतली रचना तपासून दाखवले की, हे जीवाणू नव्हेतच, त्यांचा वंशच निराळा. त्या वंशाला आज आर्किया म्हणतात.

तळ्याचा गाळ ही एकजिनसी वस्तू नाही, हे समजून घेतल्यावर मला फार नवल वाटले. त्याचे थर असतात. अगदी वरच्या पापुद्र्यात, काही मिलिमीटरपर्यंतच, प्राणवायू असतो. तो संपला की खालचे जीव नायट्रेट वापरतात, त्याखाली लोह, त्याखाली सल्फेट, आणि सर्वांत तळाशी मिथेन करणारे राहतात. एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न होते. खालून वर येणारा मिथेन वाटेतच खाऊन टाकणारे जीवाणूही वरच्या थरात दबा धरून असतात. मिथेन हवेत गेला तर तो पृथ्वी तापवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट. म्हणजे आपल्या खाचरांच्या तळाशी जगाचा एक पहारेकरी बसला आहे असेच म्हणावयाचे.

या जीवांची ओळख पटवणे मात्र अतिशय अवघड. एक ग्रॅम गाळात कोट्यवधी जीव असतात. जुनी पद्धत अशी की, गाळ पातळ करून तबकडीतल्या खाद्यावर पसरायचा आणि उगवतील ते मोजायचे. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर दिसावेत आणि तबकडीत एखादाच उगवावा, असे नेहमी होई. १९८५ साली स्टॅले आणि कोनोप्का या शास्त्रज्ञांनी या तफावतीकडे सगळ्यांचे लक्ष वेधले. उरलेले नव्याण्णव मेलेले नव्हते. त्यांना काय हवे ते आपल्याला ठाऊक नव्हते. कोणाला शेजाऱ्याने टाकलेले काही लागते, कोणाला प्राणवायू विषासारखा, कोणाला आपण देतो ते अन्न फाजील होते. म्हणजे हे जीव लागवडीला आलेलेच नाहीत. रानात उगवणाऱ्या, कोणी न पेरलेल्या रोपांसारखे.

मग त्यांना न वाढवताच ओळखण्याची युक्ती निघाली. गाळातून थेट जनुकद्रव्य काढायचे. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे जे यंत्र असते त्याच्या एका भागाचे जनुक सर्वांमध्ये असते, पण वंशागणिक थोडे वेगळे असते. ते वाचायचे आणि ताडून पाहायचे. त्यावरून आतल्या मंडळींची शिरगणती होते. १९८७ साली वोज यांनी जीवाणूंचे जेमतेम डझनभर मोठे गट मांडले होते. आज शंभराहून अधिक मांडले जातात आणि त्यांतील पुष्कळ गटांचा एकही प्रतिनिधी अजून कोणत्याही प्रयोगशाळेत वाढलेला नाही. अशा जिवाला कच्चे नाव देतात आणि नावाआधी कँडिडेटस हा शब्द लावतात, म्हणजे उमेदवार. नोकरीसाठी अर्ज केलेल्या आपल्या दादा-ताईंसारखेच हे बिचारे कायम होण्याची वाट पाहत असतात!

तरीही यादी म्हणजे ओळख नव्हे. गावाची मतदारयादी वाचून गाव कळत नाही, तसेच हे आहे. कोण काय खातो, किती खातो, कोणाच्या आधाराने जगतो, हे जाणायचे तर जीव प्रत्यक्ष वाढवावा लागतो. आघारकर संस्थेत मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर आणि बायोगॅसवर बरीच वर्षे काम झाले आहे. अलीकडच्या काळात तेथील डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने मिथेन खाणाऱ्या जीवाणूंचा पाठपुरावा केला. भातखाचरांतला आणि पाणथळींतला चिखल आणायचा, बाटलीत मिथेन आणि हवा भरून बूच घट्ट बसवायचे, आठवडे न आठवडे थांबायचे, मग पुन्हा पुन्हा पातळ करीत एकेक जात वेगळी काढायची, असे ते काम. घाई करणाऱ्याच्या हाती भराभर वाढणारे भलतेच जीवाणू लागतात. या चिकाटीतून भातखाचरातला काकडीसारख्या आकाराचा एक नवाच जीवाणू हाती आला, त्याचे नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. दुसरा, मिथायलोलोबस अॅक्वाटिकस, आला गोड्या पाण्याच्या पाणथळीतून. दोहोंसाठी नवीन प्रजाती स्थापन कराव्या लागल्या. म्हणजे नुसती नवी जात नव्हे, तर नवे कूळच आपल्या मातीत निघाले.

आघारकर स्वतः जीवाणूशास्त्रज्ञ नव्हते आणि जनुके वाचण्याची ही विद्या त्यांच्या हयातीत जन्मलीही नव्हती. तेव्हा हे श्रेय त्यांच्या पदरात घालणे योग्य होणार नाही. परंतु सह्याद्रीच्या डोहावर वाकून पाहणारा तरुण आणि खाचरातला चिखल बाटलीत भरणारे आजचे संशोधक यांच्यात मला एक सरळ धागा दिसतो. दोघांनीही जेथे सर्वांची रोजची ये-जा आहे तेथेच पाहिले. दोघांनीही एवढ्याशा जिवाला मोठा प्रश्न विचारला. आणि पहिल्याने दुसऱ्यासाठी बसायला जागा करून ठेवली. माणसाचे स्वतःचे शोध त्याच्याबरोबर थांबतात. त्याने उभी केलेली संस्था त्याला न सुचलेले प्रश्नही विचारीत राहते. आघारकरांच्या चरित्राचे सार मला तरी हेच वाटते.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या तालुक्यातच धामापूरचा तलाव आहे. १५३० साली बांधलेला हा तलाव जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून २०२० साली गौरवला गेला. काठावर भगवतीचे देऊळ आहे, दाट झाडी आहे, आणि तळाशी शतकांचा गाळ आहे. आपण तेथे सहलीला जातो, फोटो काढतो. तळाशी कोण राहते, हे विचारीत नाही. गावोगावच्या तळ्यांची आणि मळ्यांची अवस्था तर सर्वांना दिसतेच आहे. कोठे भराव पडतो, कोठे रस्ता जातो, कोठे भातशेती ओस पडते. झाड तुटले तर निदान बुंधा उरतो आणि हळहळणारे कोणी असते. गाळातले जे जीव कोणी कधी पाहिलेच नाहीत ते नाहीसे झाले तर त्यांची नोंदसुद्धा उरणार नाही. ज्याचे नाव माहीत नाही त्याच्यासाठी रडणार कोण?

काही करावयाचे तर फार सामग्री लागत नाही. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा प्रयोग आहे. तळ्याचा गाळ घ्यावा. त्यात कागदाचे तुकडे, थोडी खडूची पूड आणि अंड्याचा पिवळा बलक मिसळावा. ते उंच काचेच्या बरणीत भरून वर तळ्याचेच पाणी घालावे, तोंड झाकावे आणि बरणी उजेडाच्या खिडकीत ठेवावी. काही आठवड्यांत काळ्या चिखलात हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे उमटू लागतात. प्रत्येक रंग म्हणजे जीवाणूंची एक निराळी वस्ती. आपल्या महाविद्यालयात अशा चार बरण्या ठेवल्या, धामापूरची एक, खाचराची एक, खाडीची एक, विहिरीच्या तळाची एक, आणि त्यांवर तारखा घालून दर आठवड्याला नोंद केली, तर कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही पाहता येईल. शेजारी आघारकरांचे एक छायाचित्र लावावे. पुतळा वगैरे उभारण्यापेक्षा ते स्मारक त्यांना अधिक आवडले असते असे वाटते.

मालवणने अनेक नामवंत माणसे बाहेर पाठवली. त्यांतील या एकाने डोंगरातले डोह, वाळवंटातली झुडपे आणि शेवटी एका संस्थेची जमीन, अशी आयुष्यभर मशागतच केली. पीक दुसऱ्यांनी काढले आणि अजून काढीत आहेत. पेरणी करणाऱ्याचे गाव आपले आहे, एवढे तरी आपल्याला माहीत असावे. त्यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.